नरकासुराच्या पोटातला गजर

“पेटी हलकी लागते गो!” शंभूनं खाटेखालून पत्र्याची पेटी ओढली आणि चंद्रावती धावत आली.

तिनं झाकण उघडलं. आत नुसत्या डांबराच्या गोळ्या! बाबांचे तिन्ही खेळ गायब!

दिवाळीची सुट्टी लागली होती, पण चंद्रावतीच्या घरी यंदा ना आकाशकंदील, ना फराळ. तिचे बाबा खनिजाच्या जहाजावर कामाला होते. डिचोलीची तांबडी माती भरून जहाज जपानला जायचं आणि दोन-चार वर्षांनी कधीतरी बाबा तिथून एखादा खेळ आणायचे. यंदाच्या आषाढात ते भर दर्यातच तापानं गेले. घरी आली ती फक्त ही पेटी.

“आपल्या सावंतवाडीला गंजिफाचे पत्ते करतात ना, तसेच हे खेळ काढणारी निन्टेंडो कंपनी पूर्वी हातानं पत्ते बनवायची!” बाबा सांगायचे. पहिला खेळ तळहाताएवढा, पुस्तकासारखा मिटणारा, दोन पडद्यांचा, आत घड्याळ असलेला. दुसरा टीव्हीला जोडायचा. त्याला बटणांच्या दोन मरून-सोनेरी पट्ट्या होत्या. घरच्या टीव्हीवर त्याचं चित्र कधी धड उमटलं नाही, तो भाग वेगळा! तिसरा राखाडी, हातात धरायचा. कॅसेट बदलली की खेळ बदलायचा.

पण चंद्रावतीचा जीव अडकला होता तो पहिल्यात. त्यातल्या घड्याळाला बाबांनी संध्याकाळी साडेसहाचा गजर लावून ठेवला होता. “हा वाजला की घरी तुझी आई देवाकडे दिवा लावते, एवढं मला दर्यावर कळतं. मी तिथूनच हात जोडतो.”

बाबा गेल्यावरही पेटीतून रोज पिपीप-पिपीप व्हायचं. दिवसभर भिंतीकडे बघत बसलेली आई तेवढ्यापुरती उठायची, वात लावायची. काल गजर वाजला नाही. आई उठलीच नाही. चंद्रावतीनं कशीबशी वात लावली, तर आईनं मानही वर केली नाही.

“अण्णांना विचारूया,” शंभू म्हणाला. त्याचे वडील, अण्णा, म्हणजे चंद्रावतीचे कृष्णनाथकाका. शेजारची भागीही निघाली.

काका ट्रक धूत होते. नजर न उचलता म्हणाले, “ते... दुरुस्तीला दिलेत. पणजीला.”

वळणावर येताच भागी फिसकारली, “न बिघडलेल्या वस्तू दुरुस्तीला?”

“आणि अण्णा पंधरा दिवसांत पणजीला गेलेच नाहीत! खाण ते धक्का, धक्का ते खाण!” बोलताना शंभूचा चेहरा उतरला.

देवळापुढच्या मैदानात वाड्यावरचा नरकासुर उभा होता. बांबूचा सांगाडा, गवताचं पोट, कागदाची कातडी. उद्या पहाटे त्याला जाळायचं होतं. जयरामदादा शिडीवर चढून मुकुट बांधत होता आणि टेप कानठळ्या बसवत होता. भागी एकदम थांबली.

“चंद्रा, त्याच्या कमरेला बघ!”

तिथं दोन मरून-सोनेरी पट्ट्या लोंबत होत्या!

“जयरामदादा, हे कुठून आणलंस?” चंद्रावती ओरडली.

“भंगारातून! सरा गो बाजूला! पोटात फटाके भरलेत. हात लावाल तर याद राखा!”

तिघं वडाखाली जमली.

“बाकीचंही पोटातच कोंबलं असणार, पण हा काही पोट उघडू देणार नाही,” भागी पुटपुटली.

“मग पोटच बोलेल. साडेसहाला!” चंद्रावती म्हणाली. “पण टेप बंद व्हायला हवा.”

“ते माझ्यावर सोड!” शंभूनं कॉलर ताठ केली.

साडेसहाला दोन मिनिटं कमी असताना तो रस्त्यावरून धावत आला. “परीक्षक आले! नरकासुर स्पर्धेचे परीक्षक! टेप बंद करा, त्यांना गोंगाट खपत नाही!”

टेप खाडकन बंद. सगळे रस्त्याकडे बघू लागले. रस्ता रिकामाच! चंद्रावतीचे कान टवकारलेले. सेल संपला असेल तर? गवतात चेंगरला असेल तर?

“पिपीप! पिपीप!”

“अरे बापरे! नरकासुर बोलता रे!” धाकटी पोरं पळत सुटली. जयरामदादा शिडीवरून पडता पडता वाचला.

“तो माझ्या बाबांचा गजर आहे!” चंद्रावतीचा आवाज फाटला. “पहाटे तुम्ही तो जाळणार होता!”

जयरामदादा गुमान खाली उतरला. आधी फटाके काढले, मग सुरीनं कागद कापला. राखाडी खेळाचा पडदा तडकला होता. टीव्हीच्या खेळाच्या वायरी तोडून राक्षसाच्या डोळ्यांत दिवे बसवले होते. गवताच्या तळाशी मिटलेला खेळ मात्र धड निघाला. चंद्रावतीनं तो छातीशी धरला.

गर्दीतून काका पुढे आले. “मीच ते भंगारात दिले. गेलेल्याच्या वस्तू घरात ठेवू नयेत म्हणतात. वहिनी त्या पेटीपाशी झुरते, म्हटलं नजरेआड झाल्या की सावरेल. आधी विचारायला हवं होतं.” त्यांनी चंद्रावतीच्या डोक्यावर हात ठेवला. “शाणी गो बाय माझी! तिघांनी मोठ्यांचे डोळे उघडलेत.” मग ते शंभूकडे वळले. “आणि परीक्षकांची थाप कोणाची रे?”

“तुमच्या पणजीच्या थापेपेक्षा लहानच होती, अण्णा!”

काका हसले, पण डोळे पुसत.

तिघं घरी आली, तर आत काळोख होता. आईनं खेळ उघडून पडद्याजवळ डोळे नेले. आकडे फिकट झाले होते.

“अजून किती दिवस चालेल गो?”

“सेल संपत आलाय, आई. नवा घातला की बाबांनी लावलेला गजर पुसला जाईल.”

आईनं खेळ हळूच मिटला. मग आपणहून उठली, देवाकडे गेली, वात सारखी करून दिवा लावला. तिघांच्या तोंडांवरून हात फिरवत म्हणाली, “मोठं काम केलंत, पोरांनो.” मग खेळ चंद्रावतीच्या हातात दिला. “पुसला, तर आता तू लाव. साडेसहाचाच.”

मैदानात जयरामदादानं त्या संध्याकाळी टेप पुन्हा लावला नाही.