जयवंतीने नवी गाडी मागितली

कुबडीचा फटका जयवंतीच्या खांद्यावर बसला, हातातला कप ओट्यावर पडून फुटला, तरी तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, "घ्यायची तर नवीच गाडी घ्या."

"पुन्हा बोल," गुरुदत्त दातओठ खात म्हणाला. "माझा पाय घेतलास, आता अक्कलही शिकवतेस?"

एका कॅम्पर व्हॅनवरून कुणी बायकोला मारतं का हो? पण भुईगावच्या त्या घरात सहा वर्षं हेच चाललं होतं. निमित्त कधी मीठ, कधी आंघोळीचं पाणी, आणि आज गाडी. वाडीपासून समुद्र हाकेच्या अंतरावर, सुट्टीला येणारी माणसं ढीगभर... त्यांना झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी भाड्याने द्यायची, हे गुरुदत्तचं जुनं स्वप्न. पाय गेला, पण स्वप्न काही गेलं नव्हतं. माणिकपूरला गाड्यांचा धंदा करणारा जेन्सन सकाळीच दोन्ही मॉडेलं दारात घेऊन आला होता. जुन्यात लाकडी कपाटं आणि दणकट पत्रा. नव्यात वर उघडणारं छप्पर आणि सगळं बटणावर. गुरुदत्तचा जीव जुन्यावर जडला होता, आणि जी बाई सहा वर्षांत कशालाच नाही म्हणाली नव्हती, ती आज नव्यासाठी अडून बसली होती.

का, ते फक्त तिला ठाऊक होतं. आणि तिच्या दिराला, नीलेशला.

सहा वर्षांपूर्वी हेच जुनं मॉडेल भाड्याने घेऊन तिघं गणपतीपुळ्याला गेली होती. परतताना गुरुदत्तला ताप भरला आणि तो मागच्या बिछान्यावर झोपून गेला. तेव्हा एकोणीस वर्षांचा, ना लायसन्स ना पोच, असा हा नीलेश जेवताना बिअर ढोसून, वहिनीचं काही न ऐकता स्टेअरिंगवर बसला. वळणावर गाडी वडावर आदळली... गुरुदत्तचा पाय गुडघ्यातून गेला! नीलेश तिच्या पायांना मिठी मारून बसला. पाच वर्षांचा असताना सासूने मरता मरता ज्याला तिच्या पदरात घातलं, तो हा पोर. त्या मातृहृदयाने मागचापुढचा विचारच केला नाही. पोलीस आले तेव्हा तिने सांगून टाकलं, "मी चालवत होते."

कुणालाही पटावं असंच होतं ते. फुलांचा टेंपो बाजारात तीच न्यायची. फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. त्या मॉडेलची ड्रायव्हरची सीट खालच्या पाण्याच्या टाकीवर बोल्टने आवळलेली, तसूभर पुढे सरकत नाही. आणि जयवंती जेमतेम पावणेपाच फूट. तिचे पाय तिथे पोचणंच शक्य नव्हतं. ती गाडी दारात राहिली, तर आज ना उद्या गुरुदत्तला हे दिसणार होतं, आणि मग त्या संतापी माणसाच्या हातून धाकट्या भावाचं काय होईल, या भयाने ती सकाळपासून नवी गाडी मागत होती.

जेन्सनला बिचाऱ्याला यातलं काय माहीत? तो अंगणातून म्हणाला, "वहिनी, जुनी जरा पुढे घ्या ना, म्हणजे मागची नवी आत आणतो. टेंपोवर हात बसलाय तुमचा."

"मी घेतो," नीलेश घाईघाईने पुढे झाला.

"तू नाही," गुरुदत्त म्हणाला. "तिला घेऊ दे. बघू तरी, कशी चालवली होती."

नाही म्हणायला तोंडच राहिलं नव्हतं. जयवंती अंगणात जाऊन गाडीत चढली, बसली... पाय अधांतरी लोंबले. ती सरकत अगदी कडेला आली, स्टेअरिंग छातीत रुतलं, तरी क्लचला फक्त बोटं टेकली, तो दबेना.

"अरे हां, जुन्यात सीट सरकत नाही," जेन्सन सहज बोलून गेला. "नव्यात तेवढं बरंय."

कुबडी टेकत मागोमाग आलेल्या गुरुदत्तने त्या लोंबणाऱ्या पायांकडे पाहिलं. मग नीलेशकडे. नीलेशचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि त्याहून अधिक काही सांगायची गरज उरली नव्हती.

अंगणाकडेच्या केळीच्या बुंध्यात रुतलेला कोयता गुरुदत्तने उपसला. कुबडी फेकून, एका पायावर झेप घेत तो भावावर धावला. "तुझ्यापायी हिला मारत आलो मी... तुझ्यापायी!"

नीलेश हलला नाही. हलली ती जयवंती. गाडीतून उडी टाकून ती मधे शिरली आणि कोयता तिच्या दंडात उतरला. रक्ताची धार लागली, गुरुदत्त तोल जाऊन चिखलात कोसळला, आणि नीलेश गुडघ्यांवर बसून ओक्साबोक्शी रडू लागला. "मीच होतो, दादा. प्यालो होतो. तू वहिनीला मारायचास तेव्हा मी कानांवर उशी दाबून पडायचो."

गुरुदत्तने खांद्यावरचा पंचा तिच्या दंडाला बांधला. "का नाही सांगितलंस गं?"

"तुम्ही विचारलंत कधी?" सहा वर्षांत प्रथमच तिने नवऱ्याच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. "तुम्ही मारलंत. एकदा विचारलं असतंत, तर मला खोटं बोलवलं नसतं." मग ती दिराकडे वळली. "आणि तू... तुझा गुन्हा मी घेतला, तो माझ्या राजीखुशीने. पण एकदा तरी मधे पडायचं होतंस रे."

दवाखाना गाठायला जेन्सनने मागची नवी गाडी सुरू केली आणि जयवंतीला धरून आत बसवलं. चिखलातून गुरुदत्तने, आयुष्यात कुणाची परवानगी न घेतलेल्या त्या माणसाने, खालमानेने विचारलं, "मी येऊ?"

दंडातून कळा येत होत्या. पंचा लाल होत चालला होता. जयवंती म्हणाली, "नीलेश, त्यांना उचलून आण."

नीलेश वाकला. ज्याला कापायला निघाला होता त्याच भावाच्या गळ्यात गुरुदत्तने हात टाकला, आणि नीलेशने त्याला लहान मुलासारखं उचलून तिच्या शेजारी आणून ठेवलं.