मुनियांचा हिरवा आणि मागावरचा दिवा

येवल्याच्या तेजलचे बाबा पैठण्या विणत आणि मागावर त्यांच्या सोबतीला खारूताई असे. खारूताई म्हणजे मूठभर आकाराची यंत्रखार. त्या काळात येवल्यातल्या बहुतेक मागांवर अशी एखादी खार असे. ती धाग्यांवरून सुरसुर फिरे आणि तुटू पाहणारा धागा दिसला की थांबून सांगे. रंग जुळवणं मात्र विणकराचंच काम.

शेजारी घर बांधत होते. त्या धुळीपायी मागाजवळची खिडकी दोन महिने बंद होती. बांधकाम संपलं तशी एका सकाळी आईने ती उघडली. ऊन पदरावर पडलं आणि बाबांचा हात थांबला.

पदरावर मुनियांची, म्हणजे पोपटांची, रांग होती. पहिल्या पाच मुनिया पानासारख्या हिरव्या आणि पुढच्या तीन निळसर हिरव्या.

"मधे रेशीम संपलं, तेव्हा नवी लड मीच इथे मागावर जुळवून घेतली होती," बाबा हळूच म्हणाले. "तेव्हा तर दोन्ही हिरवे अगदी एक दिसत होते. डोळे अधू झाले बहुतेक. आता रंगाचं काम दुसऱ्या कुणीतरी बघावं."

तेजलला हे पटेना. रंग ओळखण्यात बाबांचा हात धरणारा गल्लीत कुणी नव्हता.

"खारूताई, बाबांचे डोळे खरंच बिघडलेत?"

"आधी तपासू, मग ठरवू," खारूताई म्हणाली. "हिरव्या रेशमाच्या सगळ्या लडी अंगणात आण."

तेजलने बारा लडी पाटावर पसरल्या. बाबांनी बघता बघता त्यांच्या सहा जोड्या लावल्या. खारूताईने आपल्या भिंगाने एकेक जोडी तपासली. एकही चुकली नव्हती.

"म्हणजे डोळे ठणठणीत आहेत. मग चुकलं काय?" खारूताई म्हणाली.

तेजल विचारात पडली. "अंगणात ऊन आहे, मागावर दिवा असतो," ती म्हणाली आणि आत पळाली. तिने एक पांढरा कागद अर्धा खिडकीच्या उजेडात, अर्धा दिव्याखाली धरला. दिव्याखालचा अर्धा भाग चक्क निळसर दिसत होता.

"पण मला हे कसं कळलं नाही?" बाबांनी विचारलं.

"रंग रोज कणभर बदलला, आणि डोळा रोज तेवढंच जुळवून घेत गेला," खारूताई म्हणाली.

बाबांनी दिवा बंद केला, निवू दिला आणि उतरवला. त्याच्या पाठीवरच्या धातूच्या पट्ट्यांत रेशमाची लव दाट साचली होती. आत पिवळ्या टिकल्यांची रांग होती.

"हा पांढरा उजेड देतो, मग टिकल्या पिवळ्या कशा?" तेजलने विचारलं.

"कारण टिकलीतला एलईडीचा कण खरं तर निळा प्रकाश देतो," खारूताई म्हणाली. "त्याच्यावर दीप्तिद्रव्याचा (एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा देणाऱ्या भुकटीचा) थर असतो. थोडा निळा प्रकाश तसाच बाहेर येतो, उरलेल्याचा हा थर पिवळा करतो. डोळ्यात निळा आणि पिवळा प्रकाश एकत्र आले की आपल्याला पांढरं दिसतं."

"निळा आणि पिवळा मिळून तर हिरवा होतो."

"रंगपेटीत होतो. प्रकाशाचं गणित वेगळं. आता भिंगातून ही टिकली बघ."

तेजलने पाहिलं. पिवळा थर फुगला होता आणि कडेने सुटला होता.

"कण तापतो. ती उष्णता पाठीवरच्या पट्ट्यांनी हवेत सोडायची, पण त्यांनी तर लवेची गोधडी पांघरलेली. आतल्या आत तापून थर सुटला. मग निळा जास्त निसटू लागला आणि पिवळा कमी पडला. तुमच्या दोन हिरव्यांत फरक होता तो पिवळ्याचाच. दिव्यात पिवळा पुरेसा नाही, तर तो फरक दिसणार कसा?"

"पण स्वयंपाकघरातला दिवा पिवळा पडलाय, तो कसा?"

"त्याचं प्लास्टिकचं झाकण उष्णतेने आणि निळ्या प्रकाशाने पिवळं पडलं. असं झाकण निळा प्रकाश अडवतं. शिवाय प्रत्येक एलईडीच्या स्फटिकात (अणूंची ठरावीक रचना असलेल्या पदार्थात) काळाबरोबर दोष वाढतात, म्हणून उजेडही मंदावत जातो. जुने बल्ब एका क्षणात जात. एलईडी बहुधा म्हातारा होत जातो."

"मग त्याने आपलं वय सांगायला हवं," तेजल म्हणाली.

"दिवा जास्त टिकवता येतो, भुकटी डिंकासारख्या थराऐवजी काचेत बसवली की झालं. वय सांगणारा दिवा मात्र तू बनव."

दुपारी बाबांनी नवा दिवा लावला, तीन मुनिया उसवल्या आणि खिडकीशी उभं राहून लड निवडली. मग ते एकाएकी थांबले.

"तेजल, टोकाच्या घरातल्या त्र्यंबककाकांनीही रंग चुकू लागले, डोळे अधू झाले म्हणूनच तीन वर्षांपूर्वी माग सोडला ना? त्यांच्या मागावरही असाच दिवा होता."

दोघं लडी घेऊन गल्लीच्या टोकाला गेली. काकांच्या मागावर चादर घातलेली होती. तेजलने त्यांना ओट्यावर उन्हात बसवलं आणि पुढ्यात बारा लडी मांडल्या. काका आधी नको नको म्हणाले. मग त्यांनी एक लड उचलली, दुसरीशेजारी धरली. जोड्या लागत गेल्या, सावकाश, पण सहाच्या सहा.

काका उठून आत गेले आणि मागावरच्या चादरीची घडी घालू लागले.