कोपऱ्यावरच्या घराचा गिलावा

त्या बाईला तीन रात्री झोप नव्हती, आणि तोवर भुताचा त्यात काही हात नव्हता. कुशीवर वळलं की डोक्यात एकच यायचं: सही आपली होती.

सुतारकाकांनी सुरुवात केली ती अशी. जतन समितीची पोरं अंधारात पायऱ्यांवर बसली होती. एकजण दिवा लावायला उठला, तर काका म्हणाले, राहू दे. आणि नाव विचारू नका. बाई माझ्या ओळखीची आहे, एवढं पुरे.

ही बाई तुमच्याच समितीची तेव्हाची चिटणीस. शिकलेली. लेकीला शिंक आली तरी वेळ टिपून ठेवणारी, आणि टिपली म्हणून स्वतःलाच हसणारी. दोन वर्षांपूर्वी गल्लीतल्या जुन्या घरांना, बाईंच्या स्वतःच्या घरालासुद्धा, नवा गिलावा करायचं ठरलं. म्हातारा गवंडी सांगून सांगून थकला की चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापू नका, ओल आत कोंडेल, गिलावा सुटेल. पण चुना मुरायला महिने लागतात, आणि आपल्याला पालिकेच्या पाहणीआधी गल्ली चकचकीत हवी होती. ठेकेदार म्हणाला, आठ दिवसांत करून देतो. बाईंनी सही केली. आपण सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हाताऱ्याला तर वेड्यातच काढलं. तो वारला त्याच रागात, गेल्या उन्हाळ्यात. माफी मागायला त्याच्या दारात कुणी गेलं नाही. मीही नाही.

पुढे कोपऱ्यावरच्या घराच्या भिंतीला पोट आलं. पालिकेचे अभियंते गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. काचेतूनच बघितलं आणि लिहून टाकलं, भिंत फुगली, घर धोकादायक. ओळंबा लावून भिंत सरळ आहे का बघायची तसदी कोण घेतो? पंधरा नोव्हेंबरला सकाळी दहाला पाडायचं ठरलं. रिकाम्या जागेवर कुणाचा डोळा होता, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

चौदा तारीख. गुरुवार. रात्रीचे पावणेनऊ. पाडकाम थांबवायला वकिलाला त्या घराचे जुने नकाशे हवे होते, आणि ते होते तिथल्याच कपाटात. नवरा रात्रपाळीला, म्हणून चार वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन बाई निघाल्या. घर रिकामं, वीज नव्हती. पोरीला जिन्याच्या पायरीवर बसवलं, हातात टॉर्च दिला, आणि स्वतः मोबाइलच्या उजेडात कपाट उघडलं.

टक.

वरच्या मजल्यावर. बोटाच्या पेरानं भिंत ठोकावी तसं.

टक. टक. भरीव. मग... ढप्प. पोकळ.

बाईंना आधी संताप आला. ठेकेदाराची माणसं आजच पोखरायला लागली, असंच वाटलं त्यांना.

"कोण आहे रे वर? सकाळपर्यंत धीर धरवत नाही का?"

ठोकणं थांबलं.

मग... त्यांच्या शेजारच्याच भिंतीत. टक. टक. सरकत चाललं. कपाटामागून. जिन्याकडे. पोरीकडे.

बाईंनी उजेड टाकला. भिंतीपाशी कुणी नाही.

आवाज मात्र होता.

ढप्प... आणि सिमेंटची खपली पायाशी पडली. मग दुसरी. मग...

नकाशे राहिले तिथेच. बाईंनी पोर उचलली आणि पळत सुटल्या.

सकाळी दहाला मी तिथे होतो. घराचं सगळं सिमेंट उतरलेलं. आतूनही, बाहेरूनही. भिंतीच्या कडेला त्याचा नीट रचलेला ढीग. आणि चुन्याची जुनी भिंत? सरळसोट. अभियंत्यांच्या नाकासमोर मी स्वतः ओळंबा सोडला. केसाचाही फरक नाही. फुगलं होतं ते आपलं सिमेंट.

"आता पोट कुठे आहे ते दाखवा, साहेब," बाई म्हणाल्या. आवाज असा की पाडकामाच्या यंत्रावरचा माणूससुद्धा खाली उतरला. साहेबांनी यंत्र परत पाठवलं.

आणि दाराशेजारी, हातभर भिंतीवर, नवा चुना लावलेला. ओला. दोन वर्षांत गल्लीत चुन्याचा कणसुद्धा आला नव्हता, पोरांनो.

बाईंनी लेकीला जवळ घेऊन हळूच विचारलं, काल तुला तिथे कुणी दिसलं होतं का. यापुढे लोक वाट्टेल ते जोडतात. मी शेजारी उभा होतो. पोरीनं त्या ओल्या चुन्याकडे बघितलं. मग म्हणाली ते एवढंच.

"आजोबा म्हणाले, आता तुमच्या घरी येतो."