काचेवर फडकं न टाकणारा पाहुणा

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही.

बरंचसं माझ्या धाकट्या दिरांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं आहे. शेवटचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आणि भुताची गोष्ट म्हणजे मध्यरात्र, काळोख, कुत्र्यांचं रडणं असं काही मनात धरून बसला असाल, तर ते आधी काढून टाका. हे सुरू झालं एका रविवारी, टळटळीत दुपारी. भावजींच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, मागच्या खोलीत.

भावजी आयुष्यभर वीजबिलांच्या कचेरीत मशीनवर बसले. निवृत्त झाले, पाठोपाठ माझी जाऊ गेली. मूलबाळ नव्हतं. मग त्यांना जुने कॉम्प्युटर गोळा करायचा नाद लागला. लोकांनी भंगारात काढलेले, पिवळे पडलेले, पोट पुढे आलेल्या काचेचे. ते उघडायचे, साफ करायचे, पुन्हा जिवंत करायचे.

"भावजी, घरात माणसं बोलवा हो. ही डबडी कसली जमवता?"

"डबडी उलटून बोलत नाहीत, वहिनी."

"म्हणजे मी बोलते असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"बघा, बोललातच!"

याच नादातल्या लोकांचा इंटरनेटवर एक ग्रुप होता. पाचपन्नास माणसं. कुणी कुणाला पाहिलेलं नाही, सगळी टोपणनावांनीच ओळखायची. भावजींना सगळे मास्तर म्हणायचे, कारण ग्रुपचे नियम त्यांनी केलेले आणि पाळायला लावायचं कामही त्यांचंच.

जुनं मशीन घरी आणलं की लगेच वीज जोडायची नाही. आधी उघडायचं, धूळ काढायची, आतलं तपासायचं. सगळ्यांचा हात तिथेच शिवशिवतो आणि मशीन तिथेच जळतं. कुणाच्या भंगाराला हसायचं नाही. फोटोशिवाय प्रश्न विचारायचा नाही. आणि फोटो काढताना काचेवर फडकं टाकायचं. बंद काचेत अख्खी खोली दिसते हो. आपला पसारा, आपला बनियनमधला अवतार चारचौघांना कशाला दाखवायचा? हा नियम तीनदा मोडला की सरळ ग्रुपच्या बाहेर.

पण भावजींचा सगळ्यात लाडका नियम वेगळाच होता. कुणाचाही प्रश्न उत्तराशिवाय राहता कामा नये. माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं लिहायचं. पण लिहायचं.

जाऊ गेल्यावर रिकाम्या घरात तिला हाक मारून उत्तराची वाट बघत बसायची सवय त्यांना बरेच दिवस होती. त्यामुळे हा नियम कुठून आला, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

तर त्या रविवारी ग्रुपमध्ये एक नवा माणूस आला. त्याने टोपणनाव घेतलं नव्हतं. ज्याने नाव घेतलं नाही, त्याच्यापुढे आपोआप 'पाहुणा' असं उमटतं.

पाहुण्याने लिहिलं...

"मशीन सुरू होत नाही. कुणी आहे का?"

सोबत फोटो. काचेवर फडकं नाही.

"आहे ना," भावजींनी लिहिलं. "या, बसा. पण काचेवर फडकं टाकत चला. ही पहिली समज. वीज जोडली होती का?"

"नाही."

"शाबास. आता चालू करायचं बटण नुसतं दाबा आणि कान देऊन बघा, खुट्ट होतंय का?"

उत्तर लगेच आलं.

"इथे कशाचाच आवाज येत नाही."

भावजींना वाटलं, बिचाऱ्याला ऐकू कमी येत असेल. त्यांनी मागचे चार स्क्रू काढायला सांगितले. काढलेले स्क्रू टेबलावर ओळीने ठेवायचे, म्हणजे हरवत नाहीत, हेही समजावलं.

दुसरा फोटो आला. स्क्रू ओळीने ठेवलेले. काच पुन्हा उघडीच. भावजींनी दुसरी समज दिली.

तेवढ्यात ग्रुपमधल्या पोपटाने लिहिलं. पोपट म्हणजे अखंड बडबड करणारा एक विमा एजंट.

"मास्तर, त्या काचेत जरा नीट बघा. फोटो काढतंय कोण?"

भावजींनी फोटो मोठा केला.

काचेत खिडकी दिसत होती. खुर्ची दिसत होती. मागचं दार, दाराची कडी, सगळं स्वच्छ. पण जिथे फोटो काढणारा उभा हवा...

तिथे नुसती भिंत होती.

"अरे भोपळ्या, मोबाईल स्टँडवर ठेवलाय," खिळ्याने लिहिलं. हा खिळा सुतारकाम करणारा, बोलायलाही तसाच टोकदार. "टायमर लावला की झालं. एवढंही कळत नाही?"

"मग स्टँड कुठंय?" पोपटाने विचारलं.

बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. त्या ग्रुपमध्ये प्रश्न असा पडून राहिल्याची ती पहिलीच वेळ.

भावजी स्क्रूंकडे बघत होते. टेबलावर बोटभर धुळीचा थर होता. स्क्रू त्या धुळीवर ठेवलेले...

आणि आजूबाजूला एकाही बोटाचा ठसा नव्हता.

दुसरा कुणी असता तर त्याने फोन बंद करून देवाचं नाव घेतलं असतं. भावजींनी विचारलं, "झाकण निघालं का?"

पुढचे काही दिवस ते सकाळी उठले की आधी पाहुण्याला लिहायचे. चहा त्यानंतर. पाहुणा सांगितलेलं सगळं करायचा, पण मशीन काही सुरू होईना. मी फोन केला की मला त्याचंच पुराण.

"आज त्याला आतली धूळ झटकायला लावली, वहिनी."

"तो स्वतः कधी काही बोलतो का?"

"रोज सकाळी विचारतो, 'मास्तर, आहात का?'"

कित्येक महिन्यांनी त्यांच्या आवाजात तरतरी ऐकली मी. म्हणून मी त्यांना अडवलं नाही.

मग तिसरा फोटो आला. काच उघडीच. काचेतली खोली तीच. माणूस नाहीच.

ग्रुप खवळला. खिळ्याने लिहिलं, "मास्तर, हा आपली टिंगल करतोय. नाहीतर टिंगलीपेक्षा वाईट काहीतरी आहे. नियम तुमचा. काढा त्याला."

भावजींनी पाहुण्याला एकट्याला विचारलं, "बाबा रे, इतकं सांगतो, तू काचेवर फडकं का टाकत नाहीस?"



उत्तर आलं...

"फडकं टाकलं की आत अंधार होतो."

 भावजींनी ते तीनतीनदा वाचलं. बोट त्याला बाहेर काढायच्या बटणावर नेलं.

तेवढ्यात खाली आणखी एक ओळ उमटली.

"बाहेर काढणार का मला?"

नियमाप्रमाणे उत्तर द्यायलाच हवं होतं. भावजींनी लिहिलं, "माहीत नाही."

आणि बोट मागे घेतलं.

"काढायला हवं होतं, वहिनी," ते मला नंतर म्हणाले. "पण काढला असता तर सकाळी मला कोण विचारणार होतं, आहात का म्हणून?"

"मी विचारते की रोज!"

"तुम्ही संध्याकाळी विचारता."



खिळ्याने शेवटचं लिहिलं. "मास्तर, नियम तुम्ही केलेत, तुम्हीच मोडलेत. आम्ही दुसरीकडे ग्रुप काढतोय. शहाणे असाल तर तुम्हीही या." मग एकेक जण गेला. पोपट जाताना 'मास्तर, सांभाळा' एवढंच लिहून गेला, आणि पोपट एवढं थोडक्यात बोलला, हे ऐकूनच मला कसंतरी झालं.

संध्याकाळपर्यंत ग्रुपमध्ये दोघंच उरले. मास्तर आणि पाहुणा.

त्यानंतर भावजींचे फोन कमी झाले. मी केला तर "हो, ठीक, जेवलो, ठेवतो." शेवटी एका दुपारी मी टॅक्सी करून त्यांच्याकडे गेले. मनाशी ठरवूनच. यांना काही दिवस आपल्याकडे आणायचं.

दार नुसतं लोटलेलं. घर झाडलेलं, भांडी घासलेली. भावजी मागच्या खोलीत, डोळ्यांवर चष्मा, भराभर लिहीत होते. वाळले होते. पण चेहऱ्यावर हसू.

"या वहिनी. एक मिनिट हं."

मी दारातूनच त्यांच्यासमोरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर नजर टाकली.

पाहुणा. पाहुणा. पाहुणा. पाहुणा...

मी बोटाने मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं.

प्रत्येकाचा एक फोटो. एकात लोखंडी खाट. एकात ओट्यावर पालथं घातलेलं भांडं. एकात वळकटी करून ठेवलेली गादी. खोल्या वेगवेगळ्या, काचा उघड्या, माणूस कुठेच नाही. आणि सगळ्यांचं एकच.

"कुणी आहे का?"

"भावजी, हे कोण सगळे?"

"विचारलं नाही. कोण आहात असं विचारायचा आपल्यात नियम नाही."

"एकाचं तरी मशीन सुरू झालं का?"

"अजून नाही. पण विचारतात ना, वहिनी."

तेवढ्यात पडद्यावर नवी ओळ आली...

"मास्तर, दारात उभ्या आहेत त्या कोण?"

मी खोलीभर नजर फिरवली.

खोलीत तिन्ही भिंतींना लावून त्यांची जुनी मशीनं होती. पूर्वी प्रत्येकावर धुतलेलं फडकं असायचं. आता एकावरही नव्हतं. सगळ्या काळ्या काचा दाराकडे तोंड करून होत्या.

भावजींनी शांतपणे लिहिलं, "आमच्या वहिनी. घरच्याच आहेत."

"उठा," मी म्हटलं.  "आत्ताच्या आत्ता उठा. माझ्याबरोबर चला."

आश्चर्य म्हणजे ते उठले. लहान मुलासारखे. मी त्यांची पिशवी भरली. चार सदरे, दोन पायजमे, रक्तदाबाच्या गोळ्या, दाढीचं सामान. पिशवी मीच उचलली. त्यांनी चपला घातल्या. मी दोन पायऱ्या उतरलेसुद्धा.

आतून टिंग असा आवाज आला.

भावजी उंबऱ्यात थांबले.

"एवढ्या एकाला उत्तर देतो, वहिनी. तुम्ही व्हा पुढे, टॅक्सीत बसा."

"राहू द्या हो त्याला!"

"नवीन दिसतोय. पहिल्यांदाच विचारत असेल."

मी खाली येऊन टॅक्सीत बसले. परत वर जायचा धीर झाला नाही, हे खरं सांगते. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. ऊन कलंडलं. रस्त्यावरचे दिवे लागले.

"येताहेत ना साहेब?" ड्रायव्हरने विचारलं.

"येताहेत," मी म्हटलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खिडकीत मात्र दिवा लागला नाही. शेवटी पिशवी घेऊन मी एकटीच घरी आले.

मी आजही रोज फोन करते. ते उचलतात. बरे आहेत म्हणतात, आवाजही छान असतो.

त्यांची पिशवी माझ्याकडे आहे, पलंगाखाली. चारही सदरे, गोळ्या, दाढीचं सामान, सगळं जसंच्या तसं.

इतके महिने झाले... त्यातली एकही वस्तू त्यांनी मागितलेली नाही.