आईच्या बुटावरचा काळा पट्टा

"बाहेर व्हा तिघंही. पुन्हा या फरशीवर पाय ठेवलात, तर घरी येऊन तक्रार करीन."

सायकलवाला दुकानदार एवढ्या मोठ्याने ओरडला, की समोरचा चष्मेवाला आपल्या दुकानातून डोकावून बघायला लागला. सुट्टी लागून चार दिवसही झाले नव्हते आणि तिघांची जाहीर हकालपट्टी झाली होती.

"आम्ही फक्त प्रश्न विचारला," वकील पायरीवरून म्हणाली. ही ठिणगीची, म्हणजे तिघांतल्या म्होरक्या मुलीची, शेजारीण. बोलण्यात ती कुणालाच हार जात नसे, म्हणून तिला हे नाव पडलं होतं.

"प्रश्न?" दुकानदार दारात कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "पाय चाकात का अडकतो, हा काय प्रश्न झाला? मी तुझ्या आईला सांगितलंय, तुलाही सांगतो. सायकलचं माप बरोबर आहे, तुझ्या आईच्या पायांचं माप जास्त आहे."

हे सगळं तो ठिणगीकडे बघून बोलला होता. तिचं तोंड लाल झालं. एरवी तिला भडकायला काडीचं निमित्त पुरत असे, पण आजचं कारण भरभक्कम होतं.

तिची आई दवाखान्यात परिचारिका होती. घरापासून दवाखाना चार किलोमीटर, सगळा सपाट डांबरी रस्ता. रोज ये-जा करण्यासाठी तिला साधी सायकल हवी होती. गुळगुळीत टायर, मडगार्ड आणि डबा ठेवायला कॅरियर. दुकानदाराने गळ्यात मारली डोंगरवाटेची सायकल. जाड नक्षीचे टायर, पुढे स्प्रिंग, आणि मडगार्डचा पत्ता नाही. "जी डोंगर उतरते ती रस्त्यावर चालणार नाही का बाई?" असं वर विचारलं होतं. परवा सकाळी दवाखान्याच्या फाटकातून आत वळताना आई रुग्णांच्या रांगेसमोर आडवी झाली. मनगट मुरगळलं, दोन्ही गुडघे सोलवटले, आणि रांगेतलं कुणीतरी हसलं. ते हसणं आईला गुडघ्यांपेक्षा जास्त लागलं होतं. तेव्हापासून ती एकच वाक्य म्हणत होती, की मला जमत नाही, चालतच जाईन.

आई असं कधी बोलत नसे. ठिणगीला दुकानदाराचा राग होता तो यासाठी.

घरी आल्यावर तिने दारामागचे आईचे पांढरे बूट उचलून पायरीवर आपटले. डाव्या बुटाच्या टोकावर एक काळा, आडवा पट्टा होता.

"चेनचं तेल," मोजपट्टी म्हणाला. हा ठिणगीचा मामेभाऊ, वय वर्षं दहा. खिशात कायम शिंप्याचा टेप बाळगायचा आणि दिसेल ते मोजायचा.

"चेन कुठल्या बाजूला असते?" वकिलाने विचारलं.

"उजव्या."

"मग डावा बूट काळा कसा?"

ठिणगीने पट्टा बोटाने घासला. तेल असतं तर बोट काळं झालं असतं. हे रबर होतं. टायर बुटावर घासलं होतं.

तिघांनी आईची सायकल अंगणात ओढली. ठिणगी सीटवर बसली, डावा पाय पायडलवर पुढे ठेवला आणि हँडल उजवीकडे वळवलं. पुढच्या चाकाची मागची कड डावीकडे आली आणि तिच्या अंगठ्यावर आदळली. वकिलाने आपली सायकल आणली. तीही डोंगरवाटेचीच, मोठ्या बहिणीने वापरून दिलेली. तिच्यावर बसून तेच केलं. पाय आणि चाक यांच्यामधून हात गेला असता एवढी जागा राहिली.

मोजपट्टी आधीच जमिनीवर पालथा पडला होता. "पायडलच्या दांड्यापासून पुढच्या टायरपर्यंत मोजलं. आत्याच्या सायकलीत नऊ सेंटिमीटर कमी आहे, ताई."

"लहान मापाची सायकल दिली असेल," वकील म्हणाली.

"नाही. मधला दांडा सारखाच आहे. सीटपासून हँडलही सारखंच आहे. फक्त चाक मागे आलंय." तो सरपटत पुढे गेला आणि थबकला. "ताई, ब्रेकच्या चकत्या बघ. वकिलाच्या सायकलीला दोन्ही चाकांना डावीकडे आहेत. तुमच्या सायकलीची मागची डावीकडे, पुढची उजवीकडे."

ठिणगी खाली वाकली. दोन दांड्यांच्या ज्या चिमट्यात पुढचं चाक बसतं, तो चिमटा वकिलाच्या सायकलीत किंचित पुढे झुकून चाकाला पुढे धरत होता. आईच्या सायकलीत तो चाकाला मागे ओढून धरत होता. अख्खा चिमटाच पाठमोरा बसवला होता. वर हँडल मात्र सरळ.

"पण दुकानातल्या सगळ्याच सायकली अशा होत्या," मोजपट्टी हळूच म्हणाला. "मी बघितलं. सगळ्यांची पुढची चकती उजवीकडे. सगळ्याच कशा चुकतील?"

"सगळ्या एकाच माणसाने जोडल्या असतील, तर चुकतील," वकील म्हणाली.

मग तिघांना एकदम एकच गोष्ट आठवली. उद्या सकाळी मामाच्या सुट्टीतल्या शिबिराची बारा मुलं टेकडीवरून सात वळणांची वाट उतरणार होती, त्याच दुकानातून काल आणलेल्या बारा कोऱ्या सायकलींवर. त्यातली एक मोजपट्टी चालवणार होता.

मामा शाळेत खेळ शिकवायचा. गळ्यातली शिट्टी तो जेवतानाही काढत नसे. मैदानावर गाठून त्यांनी सगळं सांगितलं, तर त्याने अर्ध्यात हात वर केला.

"बारा सायकली मी स्वतः निवडल्यात. बाराही सारख्या आहेत. काल मुलांनी दुकानापासून इथवर चालवत आणल्या, एकही पडलं नाही."

"रस्ता सरळ होता मामा. पाय वळताना अडकतो," ठिणगी म्हणाली.

"तुझ्या आईचा अडकला म्हणून सगळ्यांचा अडकेल? लहानपणापासून तिला तोल म्हणून नाही. झोपाळ्यावरूनही पडायची ती. आता ते खापर दुकानदारावर फोडू नका. उद्या त्याला पाहुणा म्हणून बोलावलंय मी."

"एकदा बसून तरी बघ."

"निघा."

परतताना ठिणगी पाय आपटत चालली होती. उद्या वाट दाखवताना पहिल्याच वळणावर मामाने सपशेल लोळण घ्यावी, म्हणजे कुणाला तोल नाही ते कळेल, असं तिला मनापासून वाटत होतं. आपण गप्प बसलो तर नेमकं तेच होईल, हेही तिला कळत होतं. एवढ्यात बाजूने चालणारा मोजपट्टी म्हणाला, "ताई, मी उद्या तिसऱ्या नंबरवर आहे. बाबांनी आत्ता सांगितलं." तिला स्वतःचीच चीड आली.

"पुरावा पाहिजे," ती म्हणाली.

सायकली ज्या खोक्यांतून आल्या, ती दुकानाच्या मागच्या बोळात भंगारवाल्यासाठी रचून ठेवली होती. दुपारी तिघं बोळात शिरली. ठिणगी एका खोक्यात कमरेपर्यंत घुसली आणि तळातून एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बाहेर आली. आत छापील पत्रक होतं. पिशवीचं तोंड चिकटवलेलंच होतं. दुसऱ्या खोक्यातली पिशवीही तशीच, तिसऱ्यातलीही. एकही पत्रक कुणी उघडलं नव्हतं.

वकिलाने पिशवी फाडली. पहिल्याच चित्रात खोक्यातली सायकल होती. जागा कमी लागावी म्हणून चिमटा मागे फिरवलेला. शेजारी जाडजूड बाण काढला होता आणि खाली लिहिलं होतं, की हँडल बसवण्याआधी चिमटा पुढे फिरवा, ब्रेकची चकती डावीकडे आली पाहिजे.

"खोक्यातून काढली तशीच जोडली," वकील म्हणाली. "नुसतं हँडल ठोकलं वर."

"काय चाललंय?"

बोळाच्या तोंडाशी दुकानदार उभा होता. तो तीन ढांगांत आला, वकिलाच्या हातातलं पत्रक हिसकावलं आणि त्याचे चार तुकडे केले.

"काका, वाचा तरी आधी," ठिणगी म्हणाली.

"मला वाचायला सांगतेस? वीस वर्षं सायकली विकतोय मी. कारखान्यातून जोडून यायच्या तेव्हाही विकल्या, या वर्षीपासून खोक्यात येतात तर त्याही विकतो. कागद वाचून सायकली जोडतात होय?" त्याने उरलेल्या पिशव्याही काढून घेतल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सगळी खोकी भंगारवाल्याच्या गाडीवर चढवली.

गाडी दिसेनाशी झाली. मोजपट्टीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ठिणगीच्या डोळ्यांत मात्र वेगळंच काहीतरी आलं.

"कागद नको," ती म्हणाली. "आपण त्याच्या बुटालाच बोलायला लावू. मोजपट्टी, मैदानावर रेघा आखायची पांढरी भुकटी कुठे असते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर बारा सायकली ओळीने उभ्या होत्या. मुलं, पालक, शिट्टीसकट मामा. ठिणगीने हट्टाने आणलेली आई पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून अगदी मागे उभी होती. दुकानदार चकचकीत काळे बूट घालून आला होता.

ठिणगी त्याच्यासमोर गेली. मान खाली, आवाज मधाळ. तिला तसं बोलताना ऐकून वकिलाला खोकल्याची उबळ आली.

"काका, काल चुकलं आमचं. तुम्हाला वीस वर्षांचा अनुभव. निघायच्या आधी मुलांना वळण कसं घ्यायचं ते एकदा दाखवाल?"

दुकानदाराने सगळ्यांकडे पाहिलं. पाहुणा म्हणून आल्यावर नाही म्हणणं शोभलं नसतं. वकिलाने पहिली सायकल पुढे केली. तिच्या पुढच्या टायरच्या दोन्ही कडांना भल्या पहाटे ओली पांढरी भुकटी फासून ठेवली होती. मोजपट्टीने दोन बादल्या मांडल्या.

"यांच्याभोवती उजवीकडे हँडल वळवत वळसे घ्या. जवळून हं. टेकडीवरची वळणं एवढीच असतात," तो म्हणाला.

पहिला वळसा दुकानदाराने ऐटीत, लांबून घेतला.

"अजून जवळून काका," वकील ओरडली. "एवढं तर आम्हीही घेतो."

दुसरा वळसा त्याने जवळून घेतला. खट्ट आवाज झाला, हँडल अडखळलं, आणि पाहुणे बादलीवर पाय देत कसेबसे उभे राहिले. दोन मुलं फिदीफिदी हसली.

"मैदान खडबडीत आहे," दुकानदार म्हणाला.

"काका, डावा बूट दाखवा," ठिणगीने सांगितलं. आता आवाजातला मध संपला होता.

सगळ्यांनी पाहिलं. चकचकीत काळ्या बुटाच्या टोकावर पांढराशुभ्र आडवा पट्टा होता. ठिणगीने पिशवीतून आईचा पांढरा बूट काढला आणि त्याच्या पायाशी ठेवला. त्यावर काळा पट्टा होता. जागा तीच, आडवेपणाही तोच.

"माझ्या आईच्या पायांचं माप जास्त आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "काकांच्या पायांचंही जास्तच दिसतंय."

मामा पुढे आला. त्याने ओळीतली तिसरी सायकल घेतली, जी त्याच्या मुलासाठी होती, आणि वळला. खट्ट. त्याने पाय टेकला. मग वाकून त्याने मागची चकती पाहिली, पुढची पाहिली. ओळीतल्या बाकीच्या सायकलींवरून नजर फिरवली.

"बाबा, नऊ सेंटिमीटर," मोजपट्टी म्हणाला. "सगळ्यांचं. मी सकाळी मोजलं."

"अहो, पण सगळ्या सारख्याच आहेत," दुकानदार पुटपुटला.

"हो. सगळ्याच उलट्या," मामा म्हणाला. "सात वळणं होती. माझी बारा मुलं होती यांच्यावर." तो दुकानदाराकडे वळला. "षटकोनी पाना आहे ना गाडीत? काढा. एकही सायकल नीट झाल्याशिवाय इथून हलणार नाही, आणि तुम्हीही हलणार नाही."

पुढचे दोन तास दुकानदार उन्हात बसून चिमटे फिरवत होता. वकील प्रत्येक सायकलीचं हँडल घट्ट आहे का ते बघत होती. मोजपट्टी प्रत्येक मुलाला सीटवर बसवून टाच पायडलवर टेकवायला लावत होता. पाय सरळ झाला तर उंची बरोबर, नाहीतर सीट वर-खाली. शेवटची सायकल झाल्यावर मामाने ठिणगीच्या खांद्यावर हात ठेवला.

"शाबास. माझे डोळे उघडलेस."

ठिणगीने खांदा सोडवून घेतला. "मला नको शाबासकी. जिला तोल नाही म्हणालास, तिला सांग."

मामा मैदान ओलांडून आपल्या बहिणीपाशी गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण बराच वेळ मान खाली घालून बोलत होता.

"आणि काका, तुम्ही उद्या दवाखान्यात या," ठिणगी दुकानदाराला म्हणाली. "आई पडली त्याच जागी, त्याच वेळेला."

तो आला. मामा त्याला घेऊनच आला होता. फाटकाशी रुग्णांची रांग होती. दुकानदार जमिनीकडे बघत म्हणाला, "सायकल मी उलटी जोडली होती. बाई नीट चालवत होत्या."

"मोठ्याने बोला," रांगेच्या शेवटी काठी टेकून उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या. "मागे ऐकू आलं नाही."

त्याला पुन्हा सांगावं लागलं, मोठ्याने. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आता ते नक्षीचे टायर काढा, गुळगुळीत घाला. मडगार्ड बसवा, कॅरियर बसवा. मला डोंगर उतरायचा नाही, कामावर यायचंय. हे मी पहिल्या दिवशीही सांगितलं होतं."

आठवड्याने मनगटाची पट्टी सुटली. ठिणगी मुद्दाम आधी जाऊन फाटकाशी उभी राहिली. आई लांबून येताना दिसली. कॅरियरवर डबा होता, पायात ते पांढरे बूट. डाव्या बुटावरचा पट्टा तिने पुसला नव्हता. ती वळली आणि आत गेली. रांगेने बघितलं. मग काहीच कारण नसताना आई पुन्हा फाटकाबाहेर आली आणि त्याच जागी, पहिल्यापेक्षाही जवळून, आणखी एकदा वळली.