पद्मिनीचा अर्धा फेरा

"मन्ही चूक नही शे, ताई. गाडी चालू करीसन दिन्ही व्हती."

हिलाल मिस्त्री खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता, कुणी उठ म्हणायच्या आत उठता यावं असा. डिटेक्टिव्ह दिपमाला पाटीलच्या जळगावातल्या त्या लहानशा ऑफिसात पंख्याखेरीज कसलाही आवाज नव्हता.

कोपऱ्यातल्या स्टुलावरून कौतिकभाऊ त्याच्याकडे संशयाने पाहत होते. एसटीच्या स्टिअरिंगवर आयुष्य काढून ते निवृत्त झाले होते आणि आता दिपमालाची गाडी चालवत होते. 'चालू करून दिली होती' हे वाक्य त्यांनी प्रत्येक डेपोतल्या प्रत्येक मिस्त्रीकडून ऐकलं होतं.

"सुरुवातीपासून सांग," दिपमाला म्हणाली.

धुळ्याच्या ज्ञानचंद शेठकडे जुनी पद्मिनी गाडी होती. येत्या रविवारी जुन्या गाड्यांची धुळे ते जळगाव फेरी निघणार होती आणि सर्वांत पुढे दरवर्षीप्रमाणे शेठची गाडी. इंजिन ओढत नव्हतं म्हणून हिलालने ठिणगीचं टायमिंग जुळवून दिलं. संध्याकाळी शेठना शेजारी बसवून त्याने स्वतः गाडी बंगल्यावर नेऊन लावली. सकाळी ती चालू होईना.

"शेठच्या पोराने, पुनीतने, व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर माझं नाव टाकलं. म्हणे जळगाववाल्यांची गाडी पुढे राहावी म्हणून मी फितलो, मुद्दाम बिघडवली. तेव्हापासून माझ्या गॅरेजच्या दारात कुत्रं फिरकत नाही, ताई."

"परत तपासलीस का?"

"हात लावू देत नाहीत. दुसरा मिस्त्री आणला त्यांनी. तो म्हणाला, पेट्रोल येतं, करंट येतो, म्हणजे टायमिंगवाल्यानेच घोळ घातला."

"आणि शेठ काय म्हणाले?"

हिलालने मान खाली घातली. "एवढ्या वर्षांचा संबंध. पण शेठ काहीच म्हणाले नाहीत."

दिपमालाने टेबलावरची गाडीची किल्ली उचलून कौतिकभाऊंकडे दिली.

---

धुळ्याला शेठच्या बंगल्याच्या फाटकातच पुनीत त्यांना भेटला. चाळिशीचा, घाईतला माणूस. नरडाण्याला त्याचा कारखाना होता.

"डिटेक्टिव्ह लावला त्याने? चोराच्या उलट्या..." तो थांबला. दिपमाला शांतपणे त्याच्याकडे बघत होती.

"तुम्ही हिलालला काही करताना पाहिलंत?"

"गाडी लावल्यावर बॉनेट उघडून उभा होता तो. अर्धा तास तरी."

"एकटाच?"

"नाही, बाबूजी होते." पुनीत जरा चाचरला. "पण त्यांचा डोळा चुकवणं काय अवघड आहे?"

"बंगल्यातल्या गॅरेजची किल्ली कुठे असते?"

"स्वयंपाकघरात, खिळ्याला. घरातलं कुणीही घेऊ शकतं. पण घरातलं कोण घेईल? फेरीची बातमी मीच पेपरात दिली होती. आता तोंड दाखवायला जागा नाही मला."

आत शेठ जेवत होते. कौतिकभाऊ शेठच्या डाव्या हाताच्या दाराने आत गेले आणि हात जोडून "जय जिनेंद्र, शेठजी" म्हणाले. शेठनी समोरच पाहत मान हलवली. कुणाच्या नमस्काराला, कोण जाणे. कौतिकभाऊंचा पाय खुर्चीला लागला तसे शेठ एकदम दचकले.

"अरे! इतके जवळ आलात तुम्ही?"

केवढा हा ताठा, कौतिकभाऊंच्या मनात आलं.

"जिनल, आज लोणचं नाही का?" शेठनी सुनेला विचारलं.

लोणचं ताटातच होतं, नेहमीसारखं डाव्या बाजूला. जिनलने बोट दाखवलं, तसं शेठनी मान वळवून पाहिलं आणि हसण्यावारी नेलं.

दिपमालाने विचारलं, "हिलालने गाडी बिघडवली असं तुम्हाला वाटतं?"

"यंत्र आहे. बिघडतं." शेठ पाण्याचा घोट घेऊन उठले. "पुनीत उगाच वाढवतोय."

"मग त्याला तसं सांगितलंत का?"

शेठ हात धुवायला आत गेले. ताटातला उजवीकडचा भात, भाजी संपली होती. डावीकडची कोशिंबीर आणि चटणी तशीच होती. ताट उचलताना जिनलच्या कपाळावर आठी पडली.

"कण वाया जाऊ नये म्हणून ताट धुऊन ते पाणी पिणारे आमचे बाबूजी. हल्ली अर्धं अन्न टाकून उठतात. काळजीनेच असेल."

"त्यांनी गाडी चालवावी असं तुम्हाला वाटतं?"

"खरं सांगू? मुळीच नाही." जिनलने आवाज खाली आणला. "या वयात कशाला? गाडी बंद पडली तेव्हा मला बरंच वाटलं. पण मला थांबवायचंच असतं तर मी किल्ली लपवली असती. इंजिनात मला काय कळतं?"

कौतिकभाऊंना वाटलं, सापडली. बाहेर येताच ते कुजबुजले, "ताई, सुनेकडे कारणही आहे आणि किल्लीही."

"कारण आहे. बघू, हातात कसब आहे का ते."

---

बंगल्याच्या गॅरेजात दिपमालाने हिलालसकट सगळ्यांना बोलावलं. पुनीतला बॉनेट उघडायला सांगितलं, पण त्याला खटकाच सापडेना. शेवटी हिलालने उघडलं.

"मुंबईत गाड्यांचे विमा दावे तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली," ती म्हणाली. "हिलाल, पहिला प्लग काढ आणि भोकावर अंगठा ठेव. कौतिकभाऊ, तुम्ही हाताने इंजिन फिरवा. हळू."

कौतिकभाऊ फिरवू लागले. एका ठिकाणी हिलालचा अंगठा हवेने वर उचलला गेला.

"थांबा! पुलीची खूण जुळली का?"

"जुळली," हिलाल म्हणाला.

"म्हणजे पहिल्या सिलिंडरची ठिणगी आत्ता पडायला हवी. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढ."

झाकण निघालं आणि हिलाल खाली वाकला. ठिणगी वाटणारा रोटर पहिल्या वायरीकडे नव्हता. तो बरोबर उलट्या बाजूला, चौथ्या वायरीकडे तोंड करून होता.

"डिझेलच्या गाड्या चालवणाऱ्यांना हे माहीत नसतं," दिपमाला कौतिकभाऊंना म्हणाली. "पेट्रोल आहे, करंट आहे, पण करंट अर्धा फेरा चुकून जातोय. डिस्ट्रिब्युटर उपसून, दांडा अर्धा फिरवून परत बसवलाय."

"म्हणजे यानेच!" पुनीत ओरडला.

"अशा इंजिनाने गाडी फाटकापर्यंतही आली नसती. संध्याकाळी ती धावत आली, शेठ स्वतः तिच्यात बसले होते. नंतर बॉनेट उघडलं तेव्हाही शेठ शेजारीच होते, आणि या गाडीच्या बाबतीत शेठची नजर चुकवणं सोपं नाही. म्हणजे हे रात्रीत झालं."

तिने डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी हिलालने टायमिंगची खूण म्हणून ओढलेली पांढरी रेघ दाखवली. वरची आणि खालची रेघ केसभरही सरकलेली नव्हती.

"नुसती खोडी काढायची असती तर वायर तोडता आली असती. टाकीत पाणी ओतता आलं असतं. पण ज्याने हे केलं, त्याने गाडीला ओरखडा पडू दिला नाही. त्याला गाडी बंद हवी होती, खराब नको होती. आणि बिघाड पटकन सापडायला नको होता. पुनीतशेठना बॉनेट उघडता येत नाही. जिनलबाईंनी किल्ली लपवली असती, काम झालं असतं. हिलालने हे केलं असतं तर त्याने स्वतःच्याच पोटावर पाय दिला असता."

मग ती हिलालकडे वळली.

"हिलाल, गाडी बंगल्यावर तू चालवत का आणलीस? शेठ कुणाला स्टिअरिंग देतात का?"

"पूर्वी कधीच नाही. इंजिनही स्वतः खोलून बसवायचे. हल्ली मीच आणतो-नेतो." त्याने शेठकडे पाहिलं. "आणि डावा मडगार्ड यंदा दोनदा रंगवला."

"डावा मडगार्ड. डावीकडचं लोणचं. डावीकडून आलेले कौतिकभाऊ." दिपमालाचा आवाज मऊ झाला. "शेठजी, तुम्हाला डाव्या बाजूचं दिसत नाही. कधीपासून?"

पुनीत हसायला गेला, पण वडिलांचा चेहरा पाहून थांबला.

शेठनी गाडीच्या छपरावर हात टेकला. "उन्हाळ्यापासून. एक मुलगी सायकलवर होती. मला दिसलीच नाही. वाचली, देवाची कृपा. त्या दिवशीच ठरवलं, पुन्हा चालवायची नाही." ते थांबले. "पण मला दिसत नाही, हे मुलाला कसं सांगू? फेरीत गाडी मीच चालवणार, असं त्याने पेपरात छापलं होतं. वाटलं, गाडीच बंद पडली तर कुणी विचारणार नाही. म्हणून रात्री तो दांडा मीच फिरवला."

"बाबूजी, मला सांगायचं तरी..." पुनीत म्हणाला. शेठ हिलालकडे वळले.

"मी तुझं नाव घेतलं नव्हतं रे, हिलाल."

"नाही घेतलं, शेठ," हिलाल म्हणाला. "पण घेतलं जात होतं तेव्हा तुम्ही गप्प होता. ते जास्त लागलं."

मग हिलालने पाना घेतला. डिस्ट्रिब्युटर उपसला, दांडा अर्धा फिरवला, रेघेवर रेघ बसवली. एकाच झटक्यात इंजिन चालू झालं आणि एका लयीत चालू राहिलं. कौतिकभाऊंनी मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

शेठनी किल्ली पुढे केली. "रविवारी तूच चालव. मी शेजारी बसतो."

हिलालने हात पुढे केला नाही. "आधी माझं नाव धुऊन द्या, शेठ. तिथे, जिथे ते घाण झालं."

पुनीत खिशातून फोन काढू लागला. शेठ त्याला म्हणाले, "तू ग्रुपवर लिही. मी चौकात चालत जातो."

हिलालचं गॅरेज चौकात होतं, समोर चहाची टपरी, आणि दुपारचीही तिथे गर्दी होती. शेठ टपरीसमोर उभे राहिले, लोकांकडे वळले आणि जोरात म्हणाले, "माझी गाडी मी बिघडवली. हिलालने नाही. मला दिसत नाही आणि ते लपवायचं होतं म्हणून." एवढं बोलून त्यांनी हिलालसमोर हात जोडले.

लोकांच्या हातातले पेले तसेच राहिले. हिलालचे डोळे भरून आले.

"हात खाली घ्या, शेठ," तो म्हणाला. "लोक बघताहेत."

"बघू दे. त्यासाठीच आलोय."