ल्यानोकाठचं डुक्कर आणि दोन दुर्बिणी

लॉरीनला त्या डुकराचं मुंडकं हवं होतं, दुसरं काही नको! टेक्सासच्या ल्यानो नदीकाठी शेळ्या राखण्यात तिचा जन्म गेला होता, आणि तिची करडं ते नासकं रानडुक्कर फाडून खात होतं. त्यात दोन दिवस झाले, जुबलही बेपत्ता होता. जुबल म्हणजे तिच्या कळपाचा पांढरा, केसाळ राखणदार. असले कुत्रे घरात येत नाहीत, हाकेला जुमानत नाहीत. कळपात जन्मतात आणि कळपातच मरतात.

"मारलं त्याने माझ्या जुबलला!" ती बंदूक पुसता पुसता कडाडली.

बरोबर दोघेच होते, थोरला भाऊ अल्विन आणि जावई क्लेटन. दुकानदाराने बंदुकीवर लावायच्या दोन दुर्बिणी पारखायला दिल्या होत्या. एक ठेवायची, एक परत करायची. लॉरीनच्या बंदुकीवर थर्मल होती. अंगाची ऊब लागली, की काळ्या पडद्यावर पांढरा गोळा! क्लेटनने डिजिटल नाइट व्हिजन मागून घेतली होती. त्या दुर्बिणीला जोडलेल्या टॉर्चचा उजेड नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण दुर्बिणीतून कान, शेपूट, सगळं दिसतं.

"नाकडोळे बघायची हौस आहे जावयाला," लॉरीन फणकारली. "डुक्कर मारायचंय, की त्याचं लग्न जमवायचंय?"

अंधार पडताच तिघं दरीत उतरली. निवडुंगाने पोटऱ्या ओरबाडून काढल्या. नदी ओलांडताना अल्विन शेवाळावरून घसरला आणि छातीभर पाण्यात बसला.

"लॉरी, अगं पाणी गार आहे."

"मग तोंड मीट, दात वाजतायत!"

पलीकडच्या काठावर पाला खसखसला. डुक्कर! क्लेटन पुढे होता. त्याने नेम धरला, पण समोरच्या फांदीवर टॉर्चचा उजेड आपटला आणि दुर्बिणीत नुसतं पांढरंफटक! डुक्कर पसार झालं.

लॉरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उद्या ते खेळणं दुकानात नेऊन आपट!"

"मॅम, फांदी आडवी आली."

"नाचता येईना, अंगण वाकडं! हो मागे!"

आता ती पुढे झाली. वळणावर एकदम थबकली. थर्मलमध्ये खडकाच्या आडोशाला एक मोठा पांढरा गोळा आडवा पडला होता, आणि त्याच्या पोटाशी दोन छोटे.

"डुकरीण! पिल्लांसकट!" तिने दातओठ खाल्ले. "निर्वंशच करते मेल्यांचा!" बोट चापावर गेलं.

"थांबा!" क्लेटन फांद्यांतून बाजूला सरकून दुर्बिणीतून बघत होता. "मारू नका, मॅम!"

"तू कोण मला सांगणार?"

तो धावला. सरळ तिच्या बंदुकीच्या नळीसमोर येऊन उभा राहिला! आपली बंदूक त्याने तिच्यापुढे धरली. "आधी यातून बघा. मग मला खुशाल मारा."

लॉरीन शिव्या देतच वाकली. बघितलं. केसाळ मान. गळ्यातला पट्टा. जुबल!

त्याला दोन करडं बिलगली होती, आणि पलीकडे त्यांची आई मरून थंड पडली होती. नुकत्या जन्मलेल्या करडांना सोडून राखणदार हलत नाही, हे शेळ्या पाळणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. रागाच्या भरात तिच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

तेवढ्यात वरच्या उतारावर दगड घरंगळले.

"लॉरी, तेच ते!" अल्विन कुजबुजला. "अगदी उघड्यावर आहे. टाक गोळी!"

"जाऊ दे."

"अगं, इतकं आयतं..."

"जाऊ दे म्हणते ना! करडं गारठलीत, उचल ती!"

अल्विनने करडं ओल्या सदऱ्याऐवजी टोपीत घेतली. जुबल गुरगुरत, लंगडत त्याच्या मागे निघाला. नदीत शिरण्याआधी बंदूक रिकामी करायला हवी होती. लॉरीन खटपट करत राहिली. तिला ते जमेना.

"मी काढू काडतूस, मॅम?"

"विचारतोस काय? काढ की!" ती खेकसली, बंदूक त्याच्या हातात दिली आणि खाली बसली. "आणि उद्या माझी दुर्बीण परत कर, ऐकलंस? तुझी ठेव!"

त्याने काडतूस काढलं. ती मघाशी चापावर गेलेल्या बोटाकडे बघत होती.

"क्लेटन, हे बोट सरळ होईना रे."

तो तिच्याशेजारी बसला आणि ते बोट दोन्ही हातांत धरून चोळू लागला.